खंडेनवमीला चाकणला

माझ्याकडे कामाला ये म्हटलं, तर दिग्विजय म्हणाला, "बघू." या "बघू"चा मला भयंकर राग आहे. हो म्हणा, नाही म्हणा, पण समोरच्याला ताटकळत ठेवू नका.

मी सुहासिनी. चिंचवडला स्टेशनजवळ पाळणाघर चालवते. दिग्विजय आमच्या शेजारच्या बिल्डिंगमधला, मूळचा लातूरकडचा. चाकणच्या एका कंपनीत अकरा वर्षं प्रेसवर होता, म्हणजे पत्रा दाबून गाड्यांचे भाग काढणाऱ्या मशीनवर. उन्हाळ्यात त्याची लाइन बंद झाली आणि बाकीच्यांबरोबर यालाही घरी बसवलं. बायको स्नेहल सांगवीच्या एका दवाखान्यात रिसेप्शनला. त्यामुळे चार वर्षांच्या इराचं सगळं आता याच्याकडे.

इरा आधीपासून माझ्याकडे यायची. नोकरी गेल्यावर हा तिला सोडायला यायचा आणि परत जायचाच नाही. घरी जाऊन तरी करणार काय! कोपऱ्यात बसून राहायचा. रडणं नाही, चिडणं नाही. चहा दिला तर प्यायचा, नाही दिला तर मागायचा नाही. स्नेहल मला म्हणाली, काकू, भांडला असता तरी मला बरं वाटलं असतं.

मग एक दिवस कुणाचं तरी पोर त्याच्या मांडीवर झोपून गेलं. दुसऱ्या दिवशी दुसरं. मला दाद न देणारी कार्टी याच्या हातून मुकाट्याने भात खायला लागली, कारण हा आग्रहच करायचा नाही, नुसता घास धरून बसायचा. असला धीर मला बाई उभ्या जन्मात जमला नाही. माझ्या मदतनीस शालनबाई कायमच्या गावी निघाल्या होत्या, म्हणून मी याला विचारलं. काम घराजवळ, लेक डोळ्यांसमोर, आणखी काय हवं? दसऱ्यापर्यंत सांग, नाहीतर मी दुसरी बाई बघते, असंही बजावलं.

तर म्हणे बघू. कारण काय, तर सुपरवायझरने निरोप देताना खांद्यावर हात ठेवून सांगितलेलं, मशीन तुझंच आहे, ऑर्डर आली की पहिला फोन तुला. हा बसला त्या फोनची वाट बघत. आणि दुसरं म्हणजे गावाकडचे वडील. नोकरी गेल्याचंच त्यांना सांगितलं नव्हतं. आता लोकांची लेकरं धुतो-पुसतो हे कुठल्या तोंडाने सांगू, असं तो एकदाच बोलला, तेही भिंतीकडे बघत.

खंडेनवमीला कंपन्यांमध्ये मशीनची पूजा असते. त्या दिवशी बायकापोरांनाही आत सोडतात. इराला तुझ्या बाबाचं मशीन दाखवतो म्हणून हा दरवर्षी सांगायचा आणि दरवर्षी राहून जायचं. यंदा सकाळीच इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या दारात हजर. इराला नवा फ्रॉक, पिशवीत झेंडूचा हार आणि नारळ. अरे शहाण्या, तुला काढलंय तिथून, मी म्हटलं. तर म्हणाला, पूजा चुकवू नये. स्नेहलची ड्यूटी होती. याचं ते कोरं तोंड बघून मला काही त्याला एकट्याला सोडवेना. पाळणाघराला सुट्टीच होती, गेले बसने बरोबर.

गेटवरचे उद्धवराव ओळखीचे. त्यांनी हातानेच जा म्हटलं, पण आमच्याकडे नीट बघितलं नाही. आत सगळीकडे उदबत्त्या, पेढे, नटूनथटून मशीनपुढे फोटो काढणाऱ्या बायका. दिग्विजय कुणाशी न बोलता शेडच्या पार टोकाला गेला.

तिथे मशीन नव्हतंच. जमिनीवर पिवळ्या पट्ट्यांचा चौकोन, बोल्टांची भोकं आणि तेलाचा डाग. पलीकडचा एक जण पेढा पुढे करत म्हणाला, "ते गुजरातला गेलं की, भाऊ. गणपतीच्या आधीच. तुला कुणी सांगितलं नाही?"

माझं डोकं सणकलं. कुठे आहे तो सुपरवायझर, त्याला चांगला फैलावर घेते, म्हणून मी वळलेच होते. तेवढ्यात इराने विचारलं, "बाबा, तू इथे काय करायचास?"

दिग्विजयने त्या चौकोनाकडे बोट केलं. मग म्हणाला, "उभा राहायचो."

पोरीला तेवढं पुरलं. ती पिवळ्या पट्टीवर पाय जुळवून चालायला लागली. हा तिथेच खाली बसला आणि त्याने खिशातून फोन काढला. मला वाटलं स्नेहलला लावतोय. लावला वडिलांना, आणि आजूबाजूच्या गलक्यामुळे स्पीकरवर टाकला.

"अण्णा, माझी नोकरी गेली," तो म्हणाला. "उन्हाळ्यातच गेली. आता पाळणाघरात लेकरं सांभाळायचं काम धरतोय."

आवाज तसाच, सपाट, रेल्वेच्या वेळा सांगावा तसा. आता म्हातारा याला फाडून खाणार, असंच मला वाटलं.

"उन्हाळ्यापासून?" अण्णा म्हणाले. "मग इतके दिवस एकट्यानंच सोसलंस का रे?"

दिग्विजयने फोन माझ्या हातात दिला आणि गुडघ्यांत तोंड घालून, इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच, मोठ्याने रडला.