घटस्थापनेपर्यंत

मेडिकलला आम्हाला शरीररचना शिकवणाऱ्या मॅडमना डोळ्यांनी ओळखलेलं हाड चालत नसे. तोंडी परीक्षेत त्या आम्हाला डोळे मिटायला लावत आणि हातात एखादं हाड ठेवत. कुठलं, डावं की उजवं, वरची बाजू कोणती, सगळं बोटांनी चाचपून सांगायचं. चुकलं की म्हणत, "आत्ता तू एका माणसाला उलटं चालायला लावलंस." आम्ही पाठीमागे त्यांना हाडंबाई म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं, आणि मला वाटतं, थोडं आवडतही होतं.

मी हाडांची सर्जन व्हायचं ठरवलं तेव्हा घरीदारी सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. त्याला ताकद लागते, मुलींनी डोळ्यांचं नाहीतर बाळंतपणाचं बघावं, असं सांगणारे सगळे चांगले शिकलेले होते. मॅडम एवढंच म्हणाल्या, "हातोडा कुणाच्या हातात आहे, हे हाडाला कुठे कळतं? ऑर्थोच घे." आज वागळे इस्टेटमधल्या मशीनमध्ये सापडलेले हात मी जोडते, ते त्यांच्या जिवावर.

निवृत्तीनंतर त्या कोपर स्टेशनजवळ मुलाकडे राहायच्या. रोज संध्याकाळी साडी जरा वर खोचून अशा झपाझप चालायच्या, की हौसेने सोबत आलेल्या शेजारणी आठवड्याच्या आत गळायच्या. पुढे चालणाऱ्याच्या चालीवरून त्याचा गुडघा गेलाय की खुबा, ते घरी येऊन मला फोनवर सांगायच्या. नवरा गेल्यावर त्यांचं स्वतःचं असं हे चालणंच काय ते उरलं होतं.

मग एका वर आलेल्या पेव्हर ब्लॉकला अडखळून त्या पडल्या. मांडीच्या हाडाची मान मोडली. जवळच्या नर्सिंग होममध्ये एक्सरे काढून, पायाला वजन बांधून त्यांना घरी आणलं होतं. मी धावत गेले, तर कॉटवरूनच माझी परीक्षा सुरू.

"खुब्यातल्या गोळ्याला रक्त कुठून येतं?"

"मानेकडून, मॅडम."

"आणि मान मोडली की?"

"गोळा मरतो."

"मग बदल तो. तूच कर. मला चालायचंय."

या वयात खुबा मोडला तर एक-दोन दिवसांत ऑपरेशन करून माणसाला उभं करावं लागतं. नाहीतर पडून पडून छाती भरते आणि माणूस हाडाने नाही, त्या छातीने जातो. हे मी त्यांच्या मुलाला, अनिरुद्धला, समजावून सांगितलं. मोठ्या कंपनीतला इंजिनिअर तो. म्हणाला, "ताई, आम्ही तसलं काही मानत नाही हो. पण पितृपक्ष लागलाय, बाबांचं श्राद्धही व्हायचंय. घटस्थापनेला करून टाकू ना."

मी समजावलं, भांडले, शेवटी हात जोडले. तो हसतमुखाने चहा आणायला गेला. मी मॅडमना म्हटलं, "तुम्ही हो म्हणा, मी आत्ता अँब्युलन्स बोलावते. त्याला विचारायची गरजच नाही."

त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "राहू दे गं. त्याच्या मनात शंका शिरलीये. टेबलावर मला काही झालं तर तो जन्मभर स्वतःला दोष देत बसेल."

चुकीच्या उत्तराला कधी अर्धा मार्कही न देणारी ही बाई. मला अनिरुद्धचा राग आला, त्याहून जास्त त्यांचा आला, आणि तो अजून गेलेला नाही.

व्हायचं तेच झालं. छाती भरली, आणि सर्वपित्रीच्या आधीच त्या गेल्या. मी भेटायला गेले तेव्हा अनिरुद्ध शांत होता. "गुरुजी म्हणाले, पितृपक्षातलं मरण भाग्यवंतालाच येतं. सुटली हो आई," असं म्हणत त्याने मला बसायला खुर्ची दिली. मी त्याचा चेहरा नीट पाहिला. ज्या दोषातून त्याला वाचवायला मॅडम अंथरुणाला खिळून राहिल्या, तो त्याच्या आसपासही फिरकला नव्हता.