खोक्यातला बेदाणा

तासगावच्या बेदाण्याचा वास आला की मला मिशनच्या दवाखान्यातला एक लाकडी खोका आठवतो. मी तिथं नर्स होते. आमच्या परदेशी डॉक्टरीणबाईंना त्यांच्या मुलखातली एक संस्था असे खोके पाठवायची. आत डांबरगोळ्यांच्या वासाच्या पट्ट्या असत, तिकडच्या बायकांनी घरातल्या जुन्या फुलाफुलांच्या चादरी फाडून वळलेल्या. भाजलेल्या एका पोरीच्या हाताला मी ती पट्टी बांधत होते, तेव्हा तिच्या आईनं विचारलं, "कुणाची वं ही चादर?" मी म्हणाले, समुद्रापलीकडच्या बायकांची, ओळख ना पाळख. आठवड्यानं पोरीला दाखवायला आली ती बेदाण्याची पिशवी घेऊनच, आणि कोपऱ्यातल्या त्या खोक्यात तिनं ती ओतली. "आवं सिस्टर, त्यांचं भांडं रिकामं कसं परत धाडायचं?" खोके परत जात नाहीत, हे मला सांगवेना. बेदाणा आम्ही नर्सांनीच चहाबरोबर संपवला. पुढच्या खेपेला तिनं विचारलं, "ग्वाड लागला का त्यास्नी?" "लय," मी म्हणाले. आता खोके येत नाहीत. पण अजूनही बेदाणा तोंडात टाकताना वाटतं, हा आपल्यासाठी नव्हता.