कळसूबाईची ओटी

देवीला आमची ओटी नकोच होती, असं मी धरून चाललो होतो. नाहीतर तिच्याकडंच निघालेल्या माणसाला तिनं अकोले स्टँडवर एसटीतून उतरताना पाडलं असतं का? खुबा मोडला. हातातलं गाठोडं तेवढं सुटलं नाही.

त्यात खण, नारळ, तांदूळ आणि हिरव्या बांगड्या होत्या. माझ्या मंडळीचं माहेर कळसूबाईच्या डोंगराखालचं. मुलगी बाळंतपणात अडली तेव्हा हिनं देवीला ओटी बोलली. लेक-नातू सुखरूप राहिले, पण हिच्या गुडघ्यांना तो डोंगर काही झेपला नाही. पौषात ती गेली. जाताना म्हणाली, तेवढी ओटी पोचवा. मी शाळेत फार गेलेला माणूस नाही, पण दिलेला शब्द मला कळतो. वर चढणारी एखादी सवाशीण बघून तिच्या हाती द्यायची, असं ठरवून निघालो होतो.

संगमनेरच्या दवाखान्यात हाडांच्या डॉक्टरीणबाई होत्या. पन्नाशीच्या, चपळ, मनगटं मात्र सुतारासारखी. मी तोंडावर सांगितलं, काही करू नका, आता कुणासाठी उठायचं? त्या रागावल्या नाहीत. झोपून राहिलात तर पाठीला जखमा होतील, छाती भरेल आणि ते सगळं मुलीला काढावं लागेल, म्हणाल्या. लेकीचं नाव काढल्यावर मी अंगठा दिला.

ऑपरेशनला कमरेत सुई दिली. खालचं सगळं मेलं, पण मी जागा. छातीपुढं हिरवा पडदा आणि पलीकडं हातोडीची ठोकाठोक. न राहवून मी म्हणालो, "बाई, खिळा सरळ बसवा."

"खिळा नाही बाबा, गोळा बसवतेय. हलू नका."

मग भूल देणाऱ्या डॉक्टरांनी त्यांना विचारलं, या रविवारी कुठं? पडद्यामागून उत्तर आलं, "कळसूबाई."

माझ्या अंगावर काटा आला. जेवढं अंग माझं होतं, तेवढ्यावर. डोंगर काय आपल्याकडं कमी आहेत? मग हेच नाव का निघावं? मी डोळे मिटले आणि मनातल्या मनात हिला म्हणालो, ऐकलंस ना.

दुसऱ्या दिवशी त्या मला उभं करायला आल्या. मी उठलो नाही, आधी ओटीचं सांगितलं. रविवार आला की बाई पाठीला पिशवी लावून डोंगर चढतात. आठवडाभर लोकांची हाडं, रविवारी माझी, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी गाठोडं उघडून बघितलं आणि परत नीट बांधलं.

"बाबा, मी नेईन. पण माझे मिस्टर नाहीत. चालेल का?"

खरं सांगतो, मी अडलो. मग हिनंच सांगितलेली गोष्ट आठवली. कळसू नावाची पोर पाटलाकडं कामाला राहिली होती. केरभांडी करणार नाही, असं आधीच बोलली होती. तरी तिला तेच करायला लावलं, तशी ती उठून डोंगरावर गेली, ती कायमची.

"तिला तरी कुठं नवरा हाय," मी म्हणालो. "तुमीच न्या."

बाई हसल्या. चष्मा काढून पुसला. "मग उठा. मी डोंगरावरच्या लोखंडी शिड्या चढणार आणि तुम्ही लोळणार, हे जमायचं नाही."

रविवारी वॉकर धरून मी उभा राहिलो. लई दुखलं. लेक म्हणाली, बसा आता दादा. मी म्हणालो, बाई अजून शिडीवर असतील.

सोमवारी त्यांनी रुमालात बांधून प्रसादाचे मूठभर तांदूळ आणि नारळाची एक वाटी परत आणली. वर वारा फार होता, खण उडू नये म्हणून बांगड्या त्याच्यावर ठेवल्या, एवढंच बोलल्या. मग माझा एक्सरे बघून पुढच्या खाटेकडं गेल्या.

कुणी याला काहीही म्हणो, मला वाद घालायचा नाही. मी पडलो नसतो तर ती ओटी कुणाच्या हाती गेली असती, देवीला ठाऊक. मी घट्ट धरली होती तोवर ती खालीच राहिली. सोडली, तेव्हा वर पोचली.

घरी आल्यावर ते तांदूळ डब्यातल्या तांदळात मिसळले. काठी टेकून उभा राहिलो आणि ही गेल्यापासून पहिल्यांदा स्वतः भात लावला. खाली थोडा लागला. आधी हिच्या फोटोपुढं ठेवला, मग पोटभर जेवलो.