इन्शुरन्सच्या माणसाला वाढलेली रोटी

माझ्या वकिलाने मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली होती. इन्शुरन्सचा माणूस चौकशीला घरी आला तर त्याला पाणी द्यायचं. पाण्यापुढे काही द्यायचं नाही, आणि विचारेल तेवढंच बोलायचं. मी हो म्हटलं. त्यात न समजण्यासारखं काही नव्हतं.

पण आधी खांद्याचं सांगते.

मी लंबी रोटी करायची. नागपूरकराला हे सांगावं लागत नाही, बाहेरच्याला सांगावं लागतं. हिची कणीक पोळीसारखी भिजवत नाहीत. पाणी लावून लावून, आपटून आपटून ती इतकी सैल करतात की हातातून ओघळायला लागते. मग गोळा दोन्ही हातांवर घ्यायचा आणि या हातावरून त्या हातावर झेलत राहायचा. लाटणं नाही, पोळपाट नाही. रोटी मनगटापासून कोपरापर्यंत लांबत जाते, पातळ होत जाते, आणि ओढणीसारखी झाली की चुलीवर पालथ्या घातलेल्या मडक्यावर टाकायची. बघणाऱ्याला वाटतं, काय हात आहे बाईचा. काम सगळं खांद्याचं असतं. मलाही ते खांदा मोडल्यावरच कळलं.

नवरा गेल्यावर या रोटीवर मी घर चालवलं, मुलाला शिकवलं, त्याचं लग्न करून सून आणली. मुलगा आता नोकरीसाठी पुण्याला असतो, सून माझ्याजवळ राहते. मटणाचं जेवण ठरलं की लोक तारीख पक्की करण्याआधी मला फोन करत. रोट्या करणाऱ्या बायका पुष्कळ आहेत. व्याह्यांसमोर नाक वर ठेवायचं असेल तर माझ्याकडे येत. हे मला माझ्याच तोंडाने सांगावं लागतंय, कारण कोर्टात सांगायला कोणी आलं नाही. खायला सगळे होते. साक्षीचं विचारलं तर एक जुनं गिऱ्हाईक फोनवर म्हणालं, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. मी तेव्हा पायरीवरच उभी होते.

झालं असं की शहराला लागून असलेल्या वाडीच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याने नवं गोडाउन घेतलं होतं आणि त्याचं जेवण होतं. मी रोट्यांची टोपली ऑटोतून उतरवून भिंतीच्या कडेला ठेवली. तेवढ्यात एक रिकामा ट्रक आत वळला. ट्रकच्या बाजूला जी लोखंडी झडप असते, फाळका म्हणतात तिला, तिला खिट्टी लावायची असते. खिट्टीच्या जागी सुतळी बांधली होती. वळणावर सुतळी तुटली आणि फाळका सुटून खाली आला तो माझ्या उजव्या खांद्यावर. ड्रायव्हर म्हणाला, खिट्टी लावणं क्लीनरचं काम. क्लीनर म्हणाला, मी त्या दिवशी कामावरच नव्हतो. मालक म्हणाला, सुतळी चांगली होती. रोट्यांना काही झालं नाही. मला दवाखान्यात नेईपर्यंत पंगत बसली होती, आणि रोट्या फार छान झाल्या होत्या असा निरोप मला वॉर्डात मिळाला.

खांद्यात प्लेट बसवली. हात छातीपर्यंत वर जायचा, त्यापुढे जायचा नाही. तरुण डॉक्टर म्हणाला, "मावशी, यापेक्षा जास्त जाणार नाही आता. पण घरचा स्वयंपाक होईल तुमच्या हातून." तो मला आनंदाची बातमी देत होता. मी त्याला बरं म्हटलं आणि घरी येऊन सगळ्यांना सांगितलं की थोडा वेळ लागेल असं डॉक्टर म्हणाले.

भरपाईचा दावा लावला. ट्रकचा विमा होता, म्हणून इन्शुरन्स कंपनीचं लेखी उत्तर आलं. वकिलाने मला ते वाचून दाखवलं. त्यात लिहिलं होतं की अर्जदार गृहिणी आहे. स्वयंपाक हे प्रत्येक स्त्रीचं घरगुती काम असून त्यास व्यवसाय म्हणता येणार नाही. घरी आल्यावर मी सुनेकडून ते पुन्हा वाचून घेतलं. अर्थ तोच निघाला.

खांदा मोडला तेव्हासुद्धा मला इतका राग आला नव्हता. फाळका निदान बघून पडला नव्हता. यांनी बसून, विचार करून, टाइप करून माझी सगळी वर्षं घरकामात जमा केली होती. भरपाई कोणाला नको असते? मलाही हवी होती. पण त्या दिवसापासून मला त्याहून एक गोष्ट जास्त हवी झाली. ही बाई कारागीर होती, असं कोर्टाने लिहून द्यावं.

सून मोबाइलच्या दुकानात कामाला जायची. ती गेली की मी रोज कणीक भिजवायची, चूल पेटवायची आणि रोटी करून बघायची. रोटी डाव्या हातावरून निघायची, उजव्याकडे यायची, उजवा वर जायचाच नाही, आणि ती आपल्याच वजनाने फाटायची. फाटलेल्या रोट्या मी शेजारणीच्या बकरीला घालायची, म्हणजे सून यायच्या आत पुरावा राहायचा नाही. बकरी चांगलीच भरली. शेजारीण म्हणाली, "काय वं, माह्या बकरीवर एवढी माया काहून येऊन राहिली तुले?"

"मुकं जनावर आहे," मी म्हटलं.

इन्शुरन्सचा माणूस आला तो अशाच एका दुपारी, मी कणीक भिजवून बसले असताना. माझ्या मुलाच्या वयाचा, खांद्याला बॅग, हातात हेल्मेट. मी पाणी दिलं. त्याने हात वर करायला सांगितला, मी जेवढा जात होता तेवढा केला, त्याने लिहून घेतलं. विचारलं तेवढंच बोलले. इथवर सगळं वकिलाच्या सांगण्याप्रमाणे झालं.

मग जाता जाता त्याला अंगणातलं मडकं दिसलं.

"मावशी, लंबी रोटीचं मडकं ना जी हे? आमच्या रामटेकले माही आत्या करत होती. ती गेल्यापासून घरची लंबी रोटी खाल्लीच नाही."

"जेवला का गा तू?"

"नाही जी. वाडीले अजून एक केस पाहाची आहे. तिकडून आलो की जेवीन."

"तिकडून येईस्तोवर संध्याकाळ होते. बस."

वकिलाचं सांगणं माझ्या पूर्ण लक्षात होतं. पण जेवणाच्या वेळेला दारात आलेला माणूस माझ्या घरून उपाशी गेलेला नाही. माणूस विरुद्ध पक्षाचा होता. भूक काही विरुद्ध पक्षाची नव्हती.

त्याला पुढच्या खोलीत बसवलं आणि मी अंगणात चुलीशी गेले. पहिली फाटली. दुसरीही फाटली. त्यापुढच्या मी मोजल्या नाहीत, टोपलीखाली झाकत गेले. खांद्यातून अशी कळ येत होती की डोळ्यांत पाणी आलं. शेवटी हात वर न्यायचं सोडून दिलं आणि सगळं अंगच वाकवून, वळवून एक रोटी कशीतरी मडक्यावर घातली. तिलाही मधोमध छिद्र पडलं. घडी अशी घातली की छिद्र आत गेलं. वांग्याचा रस्सा होता, तो वाढला. तो खाली मान घालून जेवला.

"आणखी एक आणू?"

"नाही जी मावशी, मन भरलं."

पाया पडला आणि गेला. संध्याकाळपर्यंत खांदा ठणकत होता, पण मला त्या दिवशी फार बरं वाटलं. खूप दिवसांनी माझ्या मडक्यावरची रोटी कोणाच्या तरी ताटात गेली होती.

त्याचा रिपोर्ट कोर्टात आला. अर्जदाराने माझ्यासमोर... नाही, 'माझ्या भेटीच्या वेळी' असं होतं, मला नंतर वाचून दाखवलं. भेटीच्या वेळी अर्जदाराने स्वतः लंबी रोटी तयार करून दिली. रोटी पातळ व चविष्ट होती.

वकिलाने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मावशी, मी फक्त पाणी द्या म्हटलं होतं."

"आधी पाणीच दिलं ना."

त्याने चष्मा पुसून पुन्हा लावला. मग म्हणाला, आता एकच मार्ग आहे, रोटी सुनेने केली असं सांगायचं. सून म्हणाली, "मी सांगीन. त्यात काय?" पोरगी चांगली आहे. पण मी घरी येऊन विचार केला. मोबाइल विकणारी पोर, जिने जन्मात मडक्यावर रोटी टाकली नाही, ती दुपारच्या सुटीत घरी येऊन लंबी रोटी करून जात असेल, तर मग कंपनीने लिहिलं होतं तेच खरं. कोणतीही बाई करू शकते. केस जिंकायला मला तेच कबूल करावं लागणार होतं.

तारखेला कंपनीच्या वकिलाने विचारलं, "ही रोटी कोणी केली?"

"मीच केली जी."

माझा वकील आधीच नीट लावलेले कागद पुन्हा लावायला लागला. कंपनीचा वकील खूश होऊन खाली बसला. जज बाई होत्या. त्यांनी मला विचारलं, "हात वर जात नाही म्हणता, मग केली कशासाठी?"

"जेवाच्या टाइमाले आला होता जी तो."

टायपिस्टने मॅडमकडे पाहिलं. मॅडम म्हणाल्या, आहे तसं लिहा. बाकीच्या रोट्या फाटल्या का, हे मला कोणी विचारलं नाही, आणि मी आपण होऊन सांगणाऱ्यातली नाही.

पुढच्या तारखेला तो इन्शुरन्सचा माणूस साक्षीला उभा राहिला. माझा वकील वैतागलेलाच होता. त्याने विचारलं, रोटी कशी होती? चांगली होती. किती खाल्ल्या? एक.

"एवढी चांगली होती तर एकच का खाल्ली?"

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग मॅडमकडे.

"दुसरी झाली नसती जी."

"म्हणजे?"

"मले अंगणातून आवाज येऊन राहिला होता. रोटी फाटली की मावशी 'आई वं' म्हणत, आणि पुन्हा कराले घेत. लय वेळ चाललं होतं ते. माह्या ताटात आली, त्या रोटीले बी मधात छिद्र होतं. घडीत लपवलं होतं त्यायनं."

मॅडमनी विचारलं, "मग रिपोर्टमध्ये हे का लिहिलं नाही?"

"मॅडम, जिनं जेवू घातलं तिच्या रोटीले छिद्र होतं, असं कसं लिहू जी?"

आता कंपनीचा वकील आपल्या साक्षीदाराकडे तसाच बघत होता जसा माझा वकील माझ्याकडे बघत आला होता. माझा वकील प्रथमच हसला. मला मात्र धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. उभ्या आयुष्यात माझ्या रोटीत कोणी खोट काढली नव्हती. आज काढली ती भर कोर्टात, आणि टायपिस्ट ती टाइप करत होता.

मॅडमनी मला पुन्हा बोलावलं. "मावशी, हे खरं आहे?"

"त्या दिवशी चूल ओली होती जी," मी म्हटलं.

वकिलाने डोळे मिटले.

मॅडम रागावल्या नाहीत. एखाद्या बाईने दुसरीला चुलीपाशी विचारावं तसं त्यांनी विचारलं, "चूल कोरडी असती तर झाली असती?"

मी शपथ घेतलेली होती. पण शपथेचं काही नाही, तो पोरगा तिथे मान खाली घालून उभा होता, ताटावर बसला होता तसाच. त्याला सगळं ठाऊक होतं आणि तरी तो पाया पडून गेला होता.

"नाही जी," मी म्हटलं. "आता होतच नाही माह्यानं."

घरात कोणाला मी हे सांगितलं नव्हतं. स्वतःलाही नाही.

काही महिन्यांनी निकाल लागला. रक्कम सांगत नाही, नातेवाईक वाचतील. व्हरांड्यात उभं राहून वकिलाने कामाचा भाग वाचून दाखवला. ही रोटी प्रत्येक स्त्री करू शकते हे कंपनीचं म्हणणं मान्य नाही. अर्जदार ही कुशल कारागीर होती हे सिद्ध झालं आहे. ते ऐकून मी सुनेकडे पाहिलं; तिचे डोळे भरले होते. त्याच दमात त्याने पुढचं वाचलं, की हे काम अर्जदाराला यापुढे कधीही करता येणार नाही, हेही सिद्ध झालं आहे.

"मावशी, जिंकलो," तो म्हणाला.

मी तिथेच बाकावर बसले आणि मोठ्याने रडले. मावशींना आनंद झाला, असं वकील येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगत होता. आनंद झालाच होता. पण मी हातासाठी रडत होते. नवरा गेला तेव्हा अख्खी वस्ती माझ्या दारात जमली होती. हातासाठी कोणी जमत नाही. त्याचं रडणं मला एकटीलाच करावं लागलं, तेही लोक अभिनंदन करत असताना.