दादाची डावी बाजू

पेन्सिलीने माणसाचा चेहरा काढायचा तर आपल्याला येतं हा भ्रम आधी सोडावा लागतो. माझा सुटायला बराच वेळ लागला. सडक अर्जुनीला हायवेलगत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. गिऱ्हाईक नसलं की मी फोनवर हिंदीतले व्हिडिओ बघत तोंडं काढत बसायची. सुरुवातीची सगळी तोंडं एकाच आईच्या पोटची वाटत. नाकाला काळी रेघ, डोळे नको तेवढे मोठे, आणि दात एकेक सुटा काढलेला, म्हणजे मक्याचं कणीसच. शेजारचा चहावाला बघून म्हणायचा, "मस्त है दीदी, पर है कौन?" राग यायचा, पण प्रश्न बरोबर होता.

मला खरं तर एकच चेहरा काढायचा होता. माझा मोठा भाऊ बारावीत असताना तापाने गेला. घरात कॅमेऱ्याचा फोन आला तो त्यानंतर, त्यामुळे त्याचा धड असा एकच फोटो, केशोरीला मायच्या घरी भिंतीवर. आणि तो फोटो मायनेच स्वतःच्या हाताने धुऊन काढला होता. दर पितृपक्षात ती तो खाली उतरवायची आणि काच, चौकट, मागचा पुठ्ठा, सगळं ओल्या फडक्याने पुसायची. आंघोळ घातल्याशिवाय पोराला जेवू कसं घालायचं, हे तिचं म्हणणं. पाणी आत झिरपत गेलं, फोटो काचेला चिकटला आणि दादाच्या चेहऱ्याची डावी बाजू पांढरी पडली. उरलेल्या बाजूकडेही डाग सरकायला लागला होता. मी सांगून थकले होते. माय कोणाचं ऐकणाऱ्यातली नाही. एक दिवस मात्र तीच म्हणाली, "तू दुनियेचे तोंडं काढून राहिली, आपल्या दादाचं काढ ना. तो पुरा पुसून गेला तं मी कोनाले पाहू?"

मग मी जोर लावला. रेघा सोडल्या, सावल्या धरल्या. दादाच्या फोटोचा मोबाइलवर फोटो घेतला आणि तो उलटा ठेवून काढायला लागले. उलटा चेहरा ओळखू येत नाही, त्यामुळे डोळा आपली अक्कल चालवत नाही, मुकाट्याने दिसतं तेवढंच बघतो. उजवी बाजू हुबेहूब उतरली तेव्हा मला माझंच कौतुक वाटलं. डावीचं काय, सोपं काम. ट्रेसिंग पेपर दुमडला आणि उजवी बाजू तिकडे छापली. दोन डोळे, दोन गाल, सारखेच तर असतात.

मायने चित्र लांब धरून पाहिलं.

"हा तो नोहे."

"काऊन नोहे?"

"मले काय मालूम. नोहे म्हनलं तं नोहे."

असली चिडले मी. दुकानात येऊन आधार कार्डाच्या झेरॉक्स काढताना प्रत्येक फोटोवर कागदाची पट्टी आडवी धरून बघायला लागले. आधी एक बाजू झाकायची, मग दुसरी. एकाही माणसाच्या दोन बाजू सारख्या निघाल्या नाहीत. कोणाची एक भुवई वर, कोणाचा एक गाल उतरलेला. म्हणजे अर्धा दादा मला आता कुठेच सापडणार नव्हता. तो माझी वेणी ओढायचा ते आठवत होतं, त्याचं हसणं आठवत होतं, पण डावी भुवई काही केल्या आठवेना. त्याचं मला फार वाईट वाटलं.

केशोरीला जाऊन सरळ सांगितलं, "माय, अर्धाच होईल."

ती ओसरीवर माझ्या डाव्या हाताला बसली होती. ती नेहमी तिथेच बसते. तिला डाव्या कानाने कमी ऐकू येतं, म्हणून उजवा कान माझ्याकडे करत असेल असं मी धरून चालले होते. तिने माझी हनुवटी धरली, तोंड उजेडाकडे वळवलं आणि डाव्या डोळ्याखाली बोट ठेवलं.

"हे काय मंग? डोरा बारका, भवई खाली. त्याचंच तं होय हे. इतके साल मी इकडूनच कायले बसून राहिली?"

मला सगळे बाबांसारखी म्हणतात. हे कोणी कधी बोललं नव्हतं, मायसुद्धा.

खिडकीपाशी बसून मी माझ्या डाव्या गालाचे फोटो काढून घेतले आणि त्यांवरून दादा पुरा केला. जबड्याची सावली तेवढी थोडी जड केली. माय चित्र लांब धरून "हं, आला," एवढंच बोलली.

पितृपक्ष आला तेव्हा चित्र चौकटीत घालून भिंतीवर लागलेलं होतं. पान वाढून झालं आणि माय तांब्या-फडकं घेऊन आलीच. मी मध्ये उभी राहिले.

"पेन्सिल होय माय. पानी लागलं तं सारं जाईल."

तिला पटलं. पण फडकं भिजवून झालं होतं. मग तिने माझी हनुवटी धरली आणि डाव्या बाजूने कपाळ, डोळा, गाल असं नीट पुसून काढलं. जित्या माणसाला असं करत नाहीत, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. मी हलले नाही.

"जेव आता," ती म्हणाली.