बपेऱ्याच्या वैद्याचा हुंगलेला अर्क

बपेऱ्याचा वैद्य निर्गुडीचा अर्क काढायचा आणि सुईनं टोचायचा. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. पाल्याचा अर्क दंडात भरायला याला कोणी सांगितलं? चिखलात वाकून धानाची रोपं लावायची, त्या रोवण्यानं वहिनीचे सांधे धरले होते. पहिल्या सुईनंतर दंडावर लिंबाएवढी गाठ आली, हात वर जाईना. दुसरी सुई बाजाराच्या दिवशी होती. ती मला थांबवायची होती.

मी तेव्हा असल्या भोंदू औषधांविरुद्ध पत्रकं काढायचो. वहिनी म्हणाली, "कागदावर तं तुमी काहीही लिहिता, भाऊजी. तपासून दाखवा."

दाखवतो म्हटलं. भंडाऱ्याच्या कॉलेजातले रसायनशास्त्राचे सर अर्कातलं उडून जाणारं तेल मोजायला तयार झाले. तेच मांसात आग करत असेल, अशी त्यांना शंका होती. वैद्याकडून बाटलीभर अर्क आणला आणि घरात पाय ठेवताच बाबांनी बूच काढलं.

"काहून काढता, बाबा?"

"हुंगल्याबिगर कसं समजंन, खरं का खोटं?"

आमच्याकडे औषधाची परीक्षा नाकानं! बाटली शेजारी गेली, पारावर गेली. येईल त्यानं नाक लावलं, मान डोलावली. मी ओरडत राहिलो. परत आली तेव्हा बूचही नव्हतं.

सरांनी अर्क उकळून वाफ गार केली. मापाच्या नळीत पाण्यावर तेल तरंगायला हवं होतं. टिपूसही नाही.

"मोजायचं ते तुमच्या गावानं हुंगून टाकलं," सर म्हणाले. "भरल्याबरोबर बूच लावा, वर मेण ओता आणि थेट इकडे या."

वैद्याची बरणीसुद्धा दिवसभर उघडीच. सकाळच्या रोग्याच्या अंगात किती तेल जातं, संध्याकाळच्याच्या किती, हे खुद्द त्याला तरी ठाऊक होतं का?

मेण घेऊन वैद्याकडे गेलो, तर बातमी आधीच पोचलेली. वैद्य रांगेला सांगून राहिला होता, "कालेजात तपासलं. काहीच निघालं नाही!" मला पाहून हसला. "या बाबू! आता आणखी कायले? पास झालो ना मी."

"तेल उडून गेलं होतं, म्हणून निघालं नाही," मी रांगेकडे वळून ओरडलो.

"उडालं तं गेलं ना बाप्पा," रांगेतली म्हातारी म्हणाली. "तू काहून जीव जाळतं?"

दुसरी बाटली काही मिळाली नाही. बाजाराच्या दिवशी वहिनी उजाडताच निघाली. सकाळी वास जबर, म्हणजे औषधही जबर, म्हणून तिला पहिला नंबर हवा होता.

"वहिनी, गाठ अजून उतरली नाही."

"तुमीच तं तपासून आणलं, भाऊजी," ती म्हणाली. सुजलेला हात तिनं पदराखाली घेतला. "आता दुसऱ्या हाताले घेईन."