पहिल्या खोट्याचं पान

आक्का गेली त्याला आज पाच आठवडे आणि दोन दिवस झाले. फोन आला तेव्हा मी शिरूर अनंतपाळजवळ एका शेताच्या मोजणीवर होतो. नांदेडला तिच्या घरात वरच्या मजल्यावर राहणाऱ्या भाडेकरू बाई बोलत होत्या. "भाऊ, आक्का सकाळी उठल्याच न्हाईत. चष्मा डोळ्यावर हाय, पुस्तक पोटावर हाय..." मी विचारलं, "कितव्या पानावर?" नंतर माझी मलाच लाज वाटली. पण आक्काला ओळखणाऱ्या कुणाच्याही तोंडून आधी हेच निघालं असतं.

आक्का माझी सख्खी बहीण, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. तिनं लग्न केलं नाही. बिलोलीच्या वाचनालयात एकतीस वर्षं ग्रंथपाल होती, पुढं आप्पांना, म्हणजे आमच्या वडिलांना घेऊन नांदेडला राहायला आली. तिचा एक नियम होता. प्रत्येक पुस्तकात लिहिणारा कुठंतरी पहिल्यांदा खोटं बोलतो, आणि वाचणाऱ्यानं ते पान शोधायचं असतं. गोष्ट रचलेली असली तरी तिला चालायचं. स्वतःला न पटलेलं वाक्य वाचकाला बरं वाटावं म्हणून कुणी लिहिलं, की ते तिच्या लेखी खोटं. ते सापडलं की शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं त्या पानाचा आकडा, खाली एखादी ओळ, आणि पुस्तक बंद. वाचनालयाच्या पुस्तकावर मात्र तिनं कधी रेघ ओढली नाही. तिथं ती आत चिठ्ठी ठेवायची. बिलोलीत लोक पुस्तक घेताना आधी चिठ्ठी बघायचे.

तिच्या कपाटात ६१४ पुस्तकं निघाली. गेल्या तीन रविवारी लातूरहून जाऊन मी सगळ्यांची शेवटची पानं वाचली. एका जाडजूड ऐतिहासिक कादंबरीच्या मागं लिहिलंय, '३८. घोड्याला राजाचं दुःख कळतं. राणीला कळत नाही.' एका निवृत्त अधिकाऱ्याचं आत्मचरित्र, '२. "मी कधी मान मागितला नाही."' कवितासंग्रहांवर तिचा विशेष राग. अकरा संग्रहांच्या मागं जवळजवळ तेच वाक्य आहे: 'ही आई एकदाही चिडत नाही.' स्पर्धा परीक्षेची तयारी कशी करावी, या पुस्तकाला तिनं मुखपृष्ठावरच पकडलं. पाककृतींची पुस्तकं तिला त्यातल्या त्यात बरी वाटायची, कारण करून बघता येतं. तरी एकावर '१९. ह्या बाईनं अंबाडी कधी निवडलेली नाही' आहेच. रहस्यकथांना ती सर्वांत जास्त पानं द्यायची. म्हणायची, "ते फसवणार म्हणून सांगूनच फसवतात बाबा."

एकदा माझ्या बायकोनं, शोभानं, तिला विचारलं, "आक्का, जन्मात एखादं तरी पुस्तक आवडलं का हो तुम्हाला?"

"रेल्वेचं टायमटेबल."

"त्यात खोटं न्हाई?"

"हाय की. पण लिवणाऱ्याला रडू येत न्हाई."

अशा लेखात माणूस वरून कडक पण आतून मऊ होतं, असं लिहायची पद्धत आहे. मी तसं लिहिणार नाही. आक्का आतूनही तशीच होती. नांदेडला एका शिक्षकाच्या पहिल्या कवितासंग्रहाच्या कार्यक्रमात तिला दोन शब्द बोलायला बोलावलं होतं. ती उठली, म्हणाली, "पान सतरापर्यंत बरं हाय," आणि खाली बसली. शिक्षकाची म्हातारी आई पहिल्या रांगेत नवं लुगडं नेसून बसली होती. तिनं शेजारणीला विचारलं, "काय म्हनल्या बाई?" कुणी सांगितलं नाही. त्या शिक्षकानं पुढं काही छापल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. बाहेर आल्यावर मी आक्काला म्हणालो, "आज तरी गप्प राहायचं होतं." ती म्हणाली, "मग मला कशाला बोलावलं? हार घालायला माणसं कमी हायत का?" तिच्या अंत्ययात्रेला आम्ही चौदा जण होतो. मी मोजले. वाचनालयाच्या ओळखीतले दोन.

आता माझ्या पुस्तकाबद्दल. आप्पा अंथरुणाला खिळून सात महिने होते, आक्काच्या घरी. ते गेल्यावर दोन वर्षांनी मी त्यांच्या आठवणींचं ११२ पानांचं पुस्तक काढलं. मोजणी खात्यात आयुष्य गेलं. हद्दीची खूण वीतभर सरकलेली मला चालत नाही. पण त्या पुस्तकात पान ९१ वर मी लिहिलं, 'आप्पांनी शेवटचा श्वास घेतला तेव्हा त्यांचा हात माझ्या हातात होता.' नव्हता. मी लातूरहून पोचलो तेव्हा आप्पांना ओसरीत ठेवलं होतं, दारात चपलांचा ढीग होता, आणि आक्का त्यांच्या अंथरुणाची चादर धूत होती. हे मला माहीत, आणि आक्काला माहीत.

पहिली प्रत मी तिलाच दिली. तिनं उलटून पाहिली, पाठीवरचा माझा फोटो बघितला. "लई गोरा आलास रे वसंता," एवढंच. पुढची सहा वर्षं मी भाऊबीजेला नांदेडला जात राहिलो. पुस्तक तिसऱ्या फळीवर, डावीकडून नववं. आक्का आत करंज्या तळायची, मी बाहेर त्या फळीसमोर बसायचो. हात लांबवला की पोचेल एवढ्या अंतरावर. पण काढून बघायची छाती झाली नाही... मागं ९१ दिसलं तर? एकदाच विचारलं, "आक्का, माझं पुस्तक वाचलंस का?"

ती ताट ठेवत म्हणाली, "लिवताना मला इचारलं हुतंस का?" आणि ओवाळायला दिवा लावला.

गेल्या रविवारी ते काढलं. सगळ्यांत शेवटी, ६१४ वं. मागं तिच्या बारीक अक्षरात आकडा होता: ५. पान पाच म्हणजे ऋणनिर्देश. तिथं माझं वाक्य आहे, 'आक्का आणि मी आळीपाळीनं आप्पांजवळ बसलो.' आकड्याखाली तिनं लिहिलं होतं, 'सात महिने. हा चार वेळा आला. पुढे वाचले नाही.'

खरंच नव्हतं वाचलं. पान ४१ आणि ४४ च्या मधली पानं छापखान्यात कापायची राहिली होती, ती बाहेरच्या कडेनं तशीच जोडलेली होती. म्हणजे ज्या ९१ ला मी सहा वर्षं भ्यालो, तिथवर ती आलीच नव्हती. पाचव्या पानावर मला पकडून तिनं पुस्तक नवव्या जागी ठेवलं, आणि दर भाऊबीजेला मला ओवाळत राहिली. मी चार वेळा आलो होतो हे बरोबर आहे. डायरी काढून ताडून पाहिलं.

आक्काची पेन्सिल फळीवरच होती, बोटभर उरलेली. तिच्या ओळीखाली मी ९१ लिहिलं. मग वाटलं, मोजणी सुरू केली तर पुरी करावी. प्रत लातूरला घेऊन आलो, आणि रोज जेवण झालं की चार-पाच पानं तिच्या पद्धतीनं वाचतो. शोभा म्हणते, "स्वतःचंच पुस्तक किती वेळा वाचता?" काल जोडलेली पानं सुरीनं कापली. मागचे आकडे आठ झाले होते. आत, पान ४२ वर, आप्पा उशीला टेकून मला म्हणतात, 'तू होतास म्हणून माझे हाल झाले नाहीत.'

हे आप्पा म्हणाले होते, एक अक्षर सोडलं तर शब्द न् शब्द. मी दारात उभा होतो, बॅग अजून हातातच होती. म्हणाले ते आक्काला.

मागं ४२ लिहिलं. पेन्सिलीचं टोक मोडलं, पण आकडा नीट वाचता येतो.